न दुखणारा पाय

तालुक्याच्या गावातल्या एका सर्जनच्या दवाखान्यात मी चौदा वर्षं नर्स आहे. त्यातली नऊ वर्षं ‘पायाच्या खोलीत’ गेली. हे नाव पेशंटनीच ठेवलं आहे. शुगरमुळे पायाला जखमा झालेले लोक तिथे येतात. जखम धुणं, घट्टा काढणं, पट्टी बांधणं आणि प्लास्टर घालताना डॉक्टरांना मदत करणं हे माझं काम. नात्यातल्या बायका विचारतात, “दिवसभर लोकांचे पाय धरायचे, किळस नाही येत?” पायांची सवय होते. माणसांच्या बोलण्याची मात्र अजून पुरती झालेली नाही.

चिडण्याची कारणं ठरलेली असतात. नंबर लागायला दोन-दोन तास जातात. एक दिवसाआड यायचं म्हणजे रिक्षाचं भाडं आणि सोबत येणाऱ्याचा खाडा. अशी जखम भरायला आठवडे लागतात, कधी महिने. तिसऱ्या आठवड्यात माणूस म्हणतोच, “नुसती पट्टी तर बदलता, एवढे पैसे कशाचे?” हा राग मला समजतो. ज्याची रोजी दिवसावर आहे, त्याची दवाखान्याच्या दिवशी कमाईही जाते आणि खिशातलंही जातं.

खरा वाद मात्र वेगळ्याच गोष्टीवरून होतो. नवीन पेशंट आला की मी नायलॉनच्या धाग्याने त्याचे तळवे तपासते. 10 ग्रॅमचा दाब पडला की हा धागा वाकतो. पेशंटने डोळे मिटायचे आणि धागा टेकला की सांगायचं. मागे गल्फमधून परतलेले एक चाचा आले होते. अंगठ्याखाली टेकवला, करंगळीखाली टेकवला, तळव्यावर चार ठिकाणी टेकवून झाला. चाचा डोळे मिटूनच म्हणाले, “बेटी, सुरू कर ना.” शेजारी उभ्या असलेल्या चाचींनी सगळं पाहिलं होतं. त्या खाली बसल्या.

शुगर अनेक वर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. मग चपलेत खडा आला, खिळा घुसला, उन्हाने तापलेल्या मशिदीच्या फरशीवर तळवा भाजला, तरी कळत नाही. डॉ. पॉल ब्रँड 1946 साली वेल्लोरला आले. कुष्ठरोग्यांवर उपचार करताना त्यांनी दाखवून दिलं की, बोटं आपोआप झडत नाहीत. दुखणं कळत नाही म्हणून जखमांकडे दुर्लक्ष होतं आणि बोटं जातात. शुगरच्या बधिर पायाचंही तेच आहे. म्हणून कुष्ठरोग्यांना दिली जाणारी मऊ रबराची एमसीआर चप्पल आज शुगरच्या पेशंटनाही देतात. त्यावरूनही ऐकून घ्यावं लागतं. “ही चप्पल घालून मी मोहल्ल्यात फिरू? लोक काय समजतील?” आणि कपाटात ठेवलेली नवी चप्पल पायाला काहीच उपयोगाची नसते.

सगळ्यात कठीण काम घट्टा काढण्याचं. वरून तो निबर कातडीसारखा दिसतो. पण बधिर पायावर घट्ट्याखाली कातडी आतून फाटलेली असू शकते. ब्लेडने एकेक पापुद्रा काढत गेलं की अचानक ओलं लागतं आणि खाली खड्डा दिसतो. पेशंटच्या दृष्टीने तो चालत आला तेव्हा पाय धड होता आणि आता त्यातून रक्त येतंय. “जखम तुम्ही केली!” हे वाक्य मी बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात कितीदा ऐकलंय. बाकावर बसलेले दोघे मग नंबर सोडून घरी जातात. घट्टा काढला नसता तर आतली जखम हाडापर्यंत गेली असती, हे ओरडणाऱ्याला त्या क्षणी पटत नाही. मी खड्डा आरशात दाखवते आणि गप्प राहते.

गेल्या जुलैतला एक दिवस असाच गेला. सकाळीच लाइट गेली. पहिले आले ते एक शेतकरी. त्यांच्या पायाला प्लास्टर घातलं होतं, कारण जखमेवर भार पडला नाही तरच ती भरते. त्यांनी ते विळ्याने कापून लावणी उरकली होती. भरत आलेली जखम चिखलाने पुन्हा उघडली होती. मी बोलायच्या आधीच ते म्हणाले, “ताई, पाय नंतर बघू, पण पाऊस थांबणार होता का?” यावर मी काय बोलणार? दुसऱ्या एका पेशंटच्या मुलाने परदेशातून फोन करून मला खडसावलं. अब्बांची जखम महिनाभर का भरत नाही, असा त्याचा सवाल होता. अब्बा रोज पाच वेळा वुजू करताना पट्टी सोडून पाय धुत होते, हे त्याला माहीतच नव्हतं. माझं त्यांनी ऐकलं नसतं. त्यांना म्हटलं, इमामसाहेबांना विचारा. इमामसाहेबांनी सांगितलं की, जखमेवरच्या पट्टीवर ओला हात फिरवून मसह करता येतो. त्या दिवसापासून पट्टी कोरडी राहिली.

तरीही हे दिवस मी वाईट धरत नाही. चिडणारा माणूस परत येतो. त्याला आपला पाय हवा असतो, म्हणूनच तो भांडतो.

वाईट दिवस त्याच आठवड्यात आला. साठीच्या एक खाला सुनेबरोबर आल्या. पायात मोजा होता आणि जुलैत आमच्याकडे कोणी मोजे घालत नाही. मोजा काढायच्या आधीच वासावरून कळलं. करंगळी काळी पडली होती, शेजारच्या बोटापर्यंत सूज होती. किती दिवस झाले, असं विचारलं तर म्हणाल्या, “घरात नातीचा निकाह होता, म्हटलं उगाच कशाला सांगा. दुखत तर नव्हतं.” सुनेला त्याच सकाळी कळलं होतं, तेही वास आला म्हणून. डॉक्टरांनी दोन बोटं काढावी लागतील असं सांगितलं. खाला ना रडल्या, ना रागावल्या. पट्टी बांधत होते तेव्हा मला म्हणाल्या, “बेटा, तुला घाण काढायला लावली.”

मला तेव्हा त्यांनी ओरडायला हवं होतं.

या खालांनी पंधरा वर्षं नवऱ्याची शुगर सांभाळली होती. त्यांची गोळी, त्यांची भाकरी, त्यांचे तळवे रोज रात्री पाहणं, सगळं केलं होतं. नवरा गेल्यावर त्यांचे पाय पाहणारं घरात कोणी नव्हतं. मुलगा आणि सून प्रेमळ आहेत, पण सासूचा पाय हातात घेऊन पाहावा हे कोणाला सुचलंच नाही आणि पाहा म्हणायला खालांना संकोच वाटला. आमच्याकडे बऱ्याच बायका अशाच उशिरा येतात. पुरुषाला बायको घेऊन येते. बाईला मात्र वास घेऊन येतो.

बधिर पायाची काळजी एकट्याने होत नाही. त्याला दुखत नाही, नजर अधू झालेली असते, गुडघा वाकत नाही. म्हणून दुसऱ्याचे डोळे लागतात. वुजूनंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा. गरम पाणी पायाने नव्हे, कोपराने तपासा. कुरूप घरी ब्लेडने कापू नका, दुकानातली कुरूपाची पट्टी लावू नका, चुना-तंबाखू भरू नका. चप्पल घालण्याआधी उलटी करून झटका. लालसरपणा, फोड, ओल किंवा काळा डाग दिसला तर दुखण्याची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि घरातल्या अम्मीचा, सासूचा, दादीचा तळवा शेवटचा कधी पाहिला होता, ते आठवून पाहा. त्या नको म्हणतील, पाय मागे घेतील. तरी दिवा जवळ घेऊन पाहा.