गाडीचा ताप

माझा पुतण्या पुढच्या महिन्यात ड्रायव्हर म्हणून मस्कतला निघाला आहे. परवा तो निरोप घ्यायला आला तेव्हा म्हणाला, "काका, तिथल्या गाड्यांना क्लच नसतो म्हणे. मग तर सोपंच काम!" मला हसू आले. 1996 साली मीही घरात हेच बोललो होतो. तो सोपेपणा मला सहा महिने भोवला. त्याला जी हकिकत सांगितली तीच येथे लिहितो. आपल्या कितीतरी घरांतली चूल ड्रायव्हिंगवर पेटते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

मी चिपळूणचा. परदेशी जाण्यापूर्वी सात वर्षे कुंभार्ली घाटात ट्रक चालवला. त्यामुळे ड्रायव्हिंगमध्ये आपल्याला कोणी काही शिकवावे असे उरले नाही, अशी माझी समजूत. एजंटाचे पैसे भरण्यासाठी पत्नीने कानातली फुले मोडली होती. पगार ठरला 80 रियाल.

काम होते जनरेटर बसवलेला ट्रेलर पिकअपमागे जोडून मस्कतहून निझव्याच्या बाजूला साइटवर नेण्याचे. अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. फंजा गाव मागे पडले की डोंगरातून चढाचा रस्ता सुरू होतो. गाडी अमेरिकन, ऑटोमॅटिक. दांडी 'डी'वर टाकायची आणि पाय दाबायचा. 1997 च्या जून महिन्यात भर दुपारी मी तसाच निघायचो. चढावर गाडी आपोआप गिअर वर टाकी, लगेच खाली घेई, पुन्हा वर टाकी. इंजिनाचा काटा मात्र जागेवर. मी निर्धास्त होतो.

तिसऱ्या खेपेला करपल्यासारखा वास आला. दूध उतू जाऊन शेगडीवर जळावे तसा. मला तो वास नक्की कळला होता, हे कबूल करतो. पण विचारायचे कोणाला? नवा माणूस, तक्रार केली तर म्हणतील, याला गाडी येत नाही. परत पाठवले तर एजंटाचे कर्ज कोण फेडणार? मी गप्प बसलो.

पाचव्या खेपेला चढावरच इंजिन नुसते ओरडू लागले आणि गाडी जागची हलेना. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तीन तास रस्त्याकडेला उभा होतो.

वर्कशॉपमध्ये केरळचे एक वयस्कर मेकॅनिक होते. सगळे त्यांना 'इक्का' म्हणत. त्यांनी गिअरबॉक्सखालचे तेल काढून वाटीत मला दाखवले. नवे तेल लालभडक असते. हे काळपट तपकिरी, जळका वास मारणारे. ते म्हणाले, "तू इंजिनाचा काटा बघत होतास. या गाडीत गिअरबॉक्सला काटाच नाही. त्याचा ताप नाकानेच ओळखायचा."

मग त्यांनी समजावले. ऑटोमॅटिकमध्ये इंजिनाची ताकद तेलातून चाकांकडे जाते. एक पंखा तेल फेकतो, त्या जोरावर समोरचा पंखा फिरतो. ओझे जड असले आणि चढ लागला की दोघांच्या वेगात फरक पडतो, आणि वाया गेलेली ताकद तेल तापवते. साधारण 80 ते 95 अंशांपर्यंत तेल सुखात असते. 120 च्या वर गेले की करपू लागते, आणि आतल्या क्लच-पट्ट्या जळतात. ते थंड होण्यासाठी नळीने रेडिएटरमधल्या कूलरकडे जाते. पण तिथले पाणीच तापलेले, जाळी धुळीने भरलेली, तर बिचारे थंड होणार कसे?

त्या दिवशी शिकलेल्या गोष्टी पुढे कधी सोडल्या नाहीत. चढ लागण्याआधीच दांडीवरचे ओव्हरड्राइव्हचे बटण बंद करायचे, गरज पडल्यास आणखी खालचा गिअर घ्यायचा. इंजिन थोडे जास्त ओरडेल, ओरडू द्यायचे. गाडी एका गिअरवर स्थिर चालली की तेल कमी तापते. चढावर एसी बंद. जड ट्रेलर शक्यतो पहाटे काढायचा. वास आला की सपाट जागी थांबायचे, 'पार्क'मध्ये टाकून इंजिन चालूच ठेवायचे, म्हणजे तेल कूलरमधून फिरत राहते. जाळी दर आठवड्याला धुवायची. तेलाचा रंग पाहायचा आणि ओढकाम करणाऱ्या गाडीचे तेल लवकर बदलायचे. गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त ओढायचे नाही. इक्कांनी नंतर रेडिएटरपुढे वेगळा कूलरही बसवून दिला.

दुरुस्तीपोटी कंपनीने दरमहा 20 रियाल, असे सहा महिने कापले. घरी पैसे कमी गेले. पत्नीने पत्रात एवढेच लिहिले, "मुलांची फी भरली. तुम्ही जेवणाची आबाळ करू नका." फी कशी भरली ते तिने लिहिले नाही. हातातल्या पाटल्या गेल्याचे मला सुट्टीवर आल्यावरच दिसले. ते पाहून मला त्या वाटीतल्या काळ्या तेलाची आठवण झाली. माझा काटाही जागेवर होता आणि आत काय जळते आहे ते मला कळले नव्हते.

2004 पर्यंत मी तिथे होतो. पुन्हा एकही गिअरबॉक्स जळला नाही. मी फार हुशार झालो होतो असे नाही. वास आला की त्याच दिवशी इक्कांकडे जाऊ लागलो, एवढाच फरक.

पुतण्याने सारे वहीत लिहून घेतले. म्हणाला, "काका, आताच्या गाड्यांत ओढकामासाठी वेगळं बटण असतं. कितीतरी गाड्यांत गिअरबॉक्सच्या तापाचा काटाही दिसतो." मी म्हटले, "चांगलंच झालं. बटण वापर, काट्यावर नजर ठेव. पण काही चुकतंय असं वाटलं तर पहिल्याच दिवशी तोंड उघड. विचारणाऱ्याला कुणी हसलं तर हसू दे. मी लाजलो, त्याची किंमत तुझ्या काकीनं भरली."

काकी तेव्हा आतून चहा घेऊन आली. तिच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या. पुतण्याने त्या पाहिल्या आणि वहीत आणखी एक ओळ लिहिली. काय लिहिले ते मी विचारले नाही.