प्रमाणपत्र आणि अप्रमाद

संस्थेच्या वाटचालीचा आढावा घेताना वसतिगृहाची इमारत, दहावीचे निकाल, विहाराची उभारणी यांचा उल्लेख ओघानेच येतो आणि या स्मरणिकेत तो इतरत्र आलेलाही आहे. आम्ही येथे आपल्या शाळेच्या पिवळ्या गाडीविषयी लिहिणार आहोत. वाचकांपैकी अनेकांनी त्या गाडीतून प्रवास केला आहे. काही माजी विद्यार्थ्यांनी ती घेण्यासाठी आपल्या पहिल्या पगारातून वर्गणी दिली आहे. आणि कितीतरी पालकांनी आपले मूल तिच्यात बसवून, दार नीट लागल्याची खात्री करून, निर्धास्त मनाने घराची वाट धरली आहे. त्या निर्धास्तपणाला आधार कशाचा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

नवी गाडी घेणे आपल्या ऐपतीबाहेरचे होते. म्हणून शहरातील दुसऱ्या एका शाळेने नऊ वर्षे वापरलेली, तेरा आसनांची डिझेल व्हॅन आपण घेतली. आपली शाळा आणि तालुक्याचे गाव यांच्यामध्ये घाट आहे. आजारी मुलाला ग्रामीण रुग्णालयात नेणे, दहावीच्या मुलांना परीक्षा केंद्रावर पोहोचवणे, आठवड्याचा भाजीपाला आणणे, धम्मचक्र प्रवर्तन दिनी मुलांना दीक्षाभूमीचे दर्शन घडवणे, ही सारी कामे त्या एका गाडीवर येऊन पडली.

शाळेच्या मालकीची अशी गाडी मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार परिवहन वाहन ठरते आणि त्याच अधिनियमाच्या कलम ५६ प्रमाणे योग्यता प्रमाणपत्राशिवाय तिची नोंदणी वैध मानली जात नाही. आठ वर्षांपर्यंतच्या वाहनाला हे प्रमाणपत्र दोन वर्षांसाठी आणि त्याहून जुन्या वाहनाला एका वर्षासाठी मिळते. व्यवहारात याला आपण ‘पासिंग’ म्हणतो. दलालाने गाडी दाखवताना हाच शब्द वापरला होता. “तीन महिन्यांपूर्वीच पासिंग झालं आहे, अजून नऊ महिने बघायला नको,” असे तो म्हणाला. कागद खरा होता, शिक्का खरा होता.

तरीही गाडी मुलांसाठी वापरात आणण्यापूर्वी गावच्या मेस्त्रींकडून तिची चारही चाके उघडून घेण्याचे ठरले. मागच्या डाव्या चाकाचा व्हील सिलिंडर पाझरत होता आणि ब्रेकचा लायनर तेलाने चिंब झाला होता. उजव्या बाजूचा लायनर झिजून रिव्हेटपर्यंत आला होता. मेस्त्री ड्रमवर बोट फिरवून एवढेच म्हणाले, “कागदाला ब्रेक लागतो होय, सर?”

त्या एका वाक्याने आम्हाला पासिंगकडे नीट पाहायला शिकवले. तपासणी खोटी असते, असे आमचे म्हणणे नाही. हेडलाइटचा झोत, इतर दिवे, परावर्तक, आरसे, काचा, हॉर्न, सायलेन्सर, वायपर, धूर, ब्रेक, वेगमापक, स्टिअरिंग या साऱ्यांची तपासणी नियमातच सांगितली आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर आपल्या राज्यात ब्रेकची परीक्षा २५० मीटरच्या स्वतंत्र मार्गावर घेतली जाऊ लागली. स्वयंचलित केंद्रांत तर प्रत्येक चाकाचा ब्रेक रोलरवर वेगळा मोजला जातो, त्यामुळे डाव्या-उजव्या चाकांतील तफावत लपत नाही. परंतु कोठल्याही तपासणीत गाडी उघडली जात नाही. ब्रेक आज किती जोर धरतो हे यंत्र सांगते. लायनरची जाडी किती उरली आहे, रबरी नळी आतून किती कुजली आहे, ब्रेक ऑइल किती जुने आहे, हे ते सांगत नाही. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि असे ओलावलेले तेल घाटाच्या लांब उतारावर तापून उकळले की पेडल पोकळ लागते. सपाट मार्गावर, रिकाम्या गाडीने, एकदाच दाबलेल्या ब्रेकने हे कळणे अवघड आहे. शिवाय तपासणी एका दिवसाची असते आणि गाडी वर्षभर धावते. कायद्यालाही याची जाणीव आहे. गाडी नियमांत बसत नाही असे दिसल्यास मुदत संपण्याआधीही प्रमाणपत्र रद्द करण्याचा अधिकार त्याच कलमात दिला आहे.

पुढच्या वर्षी जून महिन्यात, शाळा सुरू होण्याच्या तोंडावर, आपली गाडी पासिंगला गेली आणि नापास झाली. निरीक्षकांनी दाखवलेले दोष अशा वयाच्या बहुतेक गाड्यांत आढळणारेच होते. हँडब्रेकची केबल ताणली गेल्याने गाडी चढावर थांबत नव्हती. टायरॉड एंड झिजल्यामुळे स्टिअरिंगला अवाजवी ‘प्ले’ होता. डाव्या हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जात होता. सरकत्या दाराखालचा पत्रा पुट्टीच्या आत सडला होता. पुढच्या एका टायरची नक्षी नियमातील १.६ मिलिमीटरच्या मर्यादेखाली गेली होती.

त्याच आवारात एक मध्यस्थ भेटला. दुसऱ्या गाडीचे चांगले टायर दिवसापुरते लावू, हँडब्रेक तेवढ्यापुरता कसून घेऊ, पत्र्यावर नवा रंग मारू, संध्याकाळपर्यंत पासिंग हातात, असे त्याचे सांगणे होते. त्याने मागितलेली रक्कम दुरुस्तीच्या खर्चाच्या मानाने फारच थोडी होती. शाळेच्या परिवहन समितीची तातडीची बैठक झाली. शालेय बसविषयीच्या २०११ च्या राज्य नियमांनुसार ही समिती असते आणि तिच्यात पालकांचेही प्रतिनिधी असतात. बैठकीत दोन्ही बाजूंनी कळकळीने बोलले गेले. खजिन्यात पैसे नव्हते, पाऊस सुरू झाला होता, आणि रात्री एखादे मूल तापाने फणफणले तर त्याला न्यायचे कशात, हा प्रश्न कोणालाही उडवून लावता येण्यासारखा नव्हता. अखेर शेतमजुरी करणारी एक माउली उठली. “सकाळी पोरं पंचशील म्हणतात,” ती म्हणाली. “चौथं शील खोटं बोलू नये म्हणतं. मग उसन्या टायरांच्या गाडीत त्यांना बसवायचं कसं?” त्यानंतर चर्चेला काही उरले नाही.

गाडी अकरा दिवस मेस्त्रींच्या दारात उभी राहिली. त्या काळात मुले एसटीने गेली, भाजीपाला दुचाकीवर आला, आणि एका आजारी मुलीला गावातल्या शेतकऱ्याने आपल्या जीपमधून भर पावसात रुग्णालयात नेले. त्या ऋणाची नोंद या स्मरणिकेत असावी, अशी आमची इच्छा आहे. सडलेला पत्रा कापून नवा जोडला, केबल, टायरॉड एंड व पुढचे दोन्ही टायर बदलले, आणि दुसऱ्या खेपेस गाडी सरळ मार्गाने पास झाली.

आमचा अनुभव येथेच संपता, तर प्रामाणिक तपासणी पुरेशी असते, असाच निष्कर्ष निघाला असता. पण पासिंगनंतर पाचव्या आठवड्यात, शिष्यवृत्ती परीक्षेसाठी नऊ मुलांना घेऊन गाडी निघायची होती. चालकमामांनी रोजच्याप्रमाणे इंजिन सुरू करून ब्रेकचे पेडल दाबून धरले, मनात दहा अंक मोजले, आणि पेडल हळूहळू खाली बसत असल्याचे त्यांच्या पायाला जाणवले. वाकून पाहिले तेव्हा पुढच्या डाव्या चाकाकडे जाणारी रबरी नळी क्लिपेपाशी तडकलेली होती आणि तिच्यातून ब्रेक ऑइलचे थेंब पडत होते. नवे प्रमाणपत्र गाडीतच होते. घाट तेथून चार किलोमीटरवर होता. ताशी ४० किलोमीटर वेगाने उतरणारी गाडी सेकंदाला अकरा मीटर अंतर कापते, एवढेच गणित येथे मांडतो. त्या दिवशी मुले एसटीने गेली आणि वेळेत पोहोचली.

धम्मपदातील दुसरा वग्ग अप्पमादवग्ग आहे. अप्रमाद म्हणजे क्षणोक्षणीची जागरूकता, असे आपण प्रवचनातून ऐकतो आणि पुष्कळदा ती ध्यानकक्षापुरती मानतो. चालकमामांनी त्या सकाळी पेडलवर पाय ठेवून जे दहा अंक मोजले, त्यांत आम्हाला तो अप्रमाद दिसला. वर्षातून एकदा निरीक्षक पाहतात ते आवश्यकच आहे. त्यांच्या नजरेतून सुटलेले आपल्या नजरेस आणतात. पण उरलेले तीनशे चौसष्ट दिवस गाडीची योग्यता आपणच रोज नव्याने मिळवायची असते.

त्या दिवसापासून गाडीत एक वही ठेवली आहे. रोज निघण्यापूर्वी पेडल, हँडब्रेक, ब्रेक ऑइलची पातळी, टायर, दिवे, वायपर, दाराची कडी आणि अग्निशामक यांची नोंद होते व खाली चालकाची आणि सोबत जाणाऱ्या शिक्षकाची सही असते. दर तीन महिन्यांनी चाके उघडून लायनर पाहिले जातात आणि दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल पूर्ण बदलले जाते. आपले काही माजी विद्यार्थी आज गॅरेजमध्ये, एसटीच्या कार्यशाळेत काम करतात. त्यांनी वर्षातून एक रविवार या गाडीसाठी द्यावा, ही त्यांना नम्र विनंती. पालकांनाही सांगणे आहे की ती वही चालकाच्या आसनामागे टांगलेली असते. मुलाला सोडायला याल तेव्हा ती उघडून पाहा. सही नसेल, तर मुलाला गाडीत बसवू नका, आम्हाला विचारा.