आंब्याच्या घाटात मोडलेली कमान

प्रवासात काय पाहावे याचे काही संकेत ठरलेले आहेत. देवळे पाहावीत, किल्ले पाहावेत, सूर्यास्त तर चुकवूच नये. गेल्या मे महिन्यात आम्ही सहकुटुंब कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक अख्खा दिवस काढला आणि गाडीची मोडकी कमान पाहिली. रत्नागिरीचा समुद्र मुले एव्हाना विसरली. कमान विसरलेली नाहीत.

आमची गाडी म्हणजे वडिलांनी १९८६ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी. मुंबईतली तिची टॅक्सीवाली भावंडे २०२३ च्या ऑक्टोबरात कायमची निवृत्त झाली. आमची अजून नोकरीत आहे. रत्नागिरीहून परतताना डिकीत नारळांचे पोते, आंब्याच्या चार पेट्या, आणि आत आई, सौभाग्यवती, दोन मुले असा संसार भरला होता. साखरपा मागे पडले, घाट लागला. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला झाडीने भरलेली दरी, करवंदांच्या जाळ्या. मी मुलांना पावनखिंडीची गोष्ट सांगत होतो. बाजीप्रभू खिंडीत उभे राहतात न राहतात तोच एका खड्ड्यात ‘ठाण्’ असा आवाज झाला आणि गाडी मागून डाव्या कुशीवर बसली.

वाकून पाहिले. मागच्या चाकावरचा कमानीचा सर्वांत लांब पाटा मोडला होता. ‘कमान’ हा शब्द फारसीतला, त्याचा अर्थ धनुष्य, हे मी वर्गात वीस वर्षे सांगत आलो. पण मोडलेले धनुष्य हाती आल्यावर काय करावे हे कुठल्याच कोशात नव्हते. तरी पुरुषार्थ जागा झाला. चढावरच जॅक लावला, चाक उचलले, बाह्या सरसावल्या आणि गाडीखाली डोके घातले.

“अरे, आधी इकडे ये, पाणी पी,” झाडाखालून आईने हाक मारली.

“आलो गं!” असे चिडून म्हणत मी बाहेर आलो. तांब्या तोंडाला लावला असेल नसेल, गाडी वीतभर मागे सरकली, जॅक कलंडला आणि गाडी धाडकन् खाली बसली. माझे डोके जिथे होते नेमके तिथे. मुलांची किलबिल एकदम थांबली. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त माझा हात धरला, आणि तो बराच वेळ सोडला नाही.

एका रिकाम्या ट्रकवाल्याने गाडी चढवून कोल्हापूरपर्यंत आणली. “मेन पाटा मोडल्यावर चालवायची न्हाई,” तो म्हणाला. “आस सरकला तर चाक बॉडीला घासतंय, ब्रेकची नळी ताणती.”

उद्यमनगरात शिरलो की कानांवर पहिल्यांदा येतात ते लेथ आणि मग माणसे. लोखंडाचा कीस, ग्रीसचा वास, आणि दर चार पावलांवर चहाचे पेले. आमचे मिस्त्री साठीचे. घाटातली कथा ऐकून ते हसले नाहीत.

“सर, जॅक गाडी उचलायला असतोय, धरून ठेवायला न्हवं. मागलं चाक उचललं की गिअरची पकड गेली, हँडब्रेकचा भरवसा न्हाई. पुढच्या चाकांना दगूड लावलावता?”

लावला नव्हता.

त्यांनी सपाट फरशीवर गाडी घेतली, पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावले, मागची बाजू उचलून बॉडीच्या भक्कम भागाखाली दोन लोखंडी स्टँड दिले आणि गाडी हलवून पाहिली. मगच ते खाली शिरले. दुसऱ्या जॅकने आसाला आधार दिला, शॉकअप सोडले, यू बोल्ट काढले, आस हळूहळू खाली घेतला. कमानीचा ताण उतरला, तेव्हाच टोकांच्या बोल्टांना पान्हा लागला.

“हा तुकडा वेल्डिंग करून नाही का चालणार?” मी विचारले.

“जाळ लागला की पाण्याचं वाटोळं. पोलादाचं पाणी गेल्यावर राहतंय काय? परत मोडणार.”

कमानी त्यांनी दोन्ही बाजूंच्या बदलल्या. एक नवी ताठ आणि दुसरी थकलेली असली तर गाडी एका अंगाला कलते. आसाच्या बैठकीतल्या भोकात सेंटर बोल्टाचे डोके नीट बसले की नाही हे बोटाने चाचपून पाहिले. ते चुकले तर आस तिरका बसतो. यू बोल्ट नवे घातले आणि आळीपाळीने आवळले. टोकांचे बोल्ट मात्र सैलच ठेवले. गाडी चाकांवर उतरवून तिचा भार कमानीवर आल्यावर ते पक्के केले. आधीच आवळले तर आतले रबरी बुश पिळले जाऊन लवकर फाटतात.

“पुढची स्प्रिंग कधी गेली तर हात लावू नका,” मिस्त्री म्हणाले. “ती गुंडाळीची. दाबून बांधल्याबिगर सोडली तर गोळीगत सुटती. आन् हे यू बोल्ट चार-पाचशे किलोमीटरनंतर परत आवळून घ्या.”

निघताना आईने त्यांच्या हातावर दोन नारळ आणि डझनभर आंबे ठेवले. “तुमी ह्यास्नी येळेवर हाक मारलासा, माय,” ते तिला म्हणाले. आई म्हणाली, “मला कुठे काय कळत होते? ऊन फार होते, एवढेच.”

घरी आल्यावर मी दोन लोखंडी स्टँड आणि लाकडाचे चार ठोकळे आणले. यंदा खंडेनवमीला माझी लेखणी आणि मुलांची कंपासपेटी पाटावर मांडली होती. आईने ते स्टँडही आणवले आणि लेखणीच्या आधी त्यांना हळदकुंकू वाहिले.