समुद्रात गेलेला ट्राउट परतेना

स्कॉटलंडच्या वायव्येला लॉख मारी नावाचे सुमारे वीस किलोमीटर लांबीचे सरोवर आहे. काठाला स्लिऑक डोंगर, मधल्या बेटांवर जुने पाइन वृक्ष. १८७७ साली खुद्द व्हिक्टोरिया राणी इथल्या हॉटेलात उतरली होती.

पण मंडळी, या पाण्याचे नाव झाले ते समुद्री ट्राउट माशामुळे. हा जन्मतो गोड्या पाण्यात. अंगाने जरा भरला की आखूडशा यू नदीतून खाडीत उतरतो, तिथे चरून पोसतो आणि अंडी घालायला माघारी येतो. होडीत बसायचे, लांब काठीची दोरी वाऱ्यावर सोडायची आणि पिसांची खोटी माशी लाटांवर नाचवायची, ही तिथली गळाची रीत. त्यासाठी हौशी लोक दुरून येत. हॉटेलाला आणि नावाड्यांना काम मिळे.

१९८७ साली खाडीत सामन माशांची शेती सुरू झाली. जाळीच्या पिंजऱ्यांत माशांची दाटी! गोठ्यात गर्दी झाली की गोचीड बोकाळतात, तशा इथे माशांच्या उवा. रानटी सामन दूर समुद्रात निघून जातो. ट्राउट किनाऱ्यालगतच चरतो, म्हणून तोच जास्त सापडतो. उवांनी कातडी कुरतडलेले कोवळे मासे वेळेआधीच नदीकडे पळतात, कारण गोड्या पाण्यात उवा टिकत नाहीत.

१९८०चे दशक संपता संपता ही नामांकित मासेमारी बसली. पश्चिम किनाऱ्यावर ट्राउट आधीपासूनच घटत होता, हेही खरे. तरी इथली घसरण नेमकी त्याच वर्षांतली, हे मला नजरेआड करवत नाही. याच जातीचे काही ट्राउट समुद्राकडे न जाता सरोवरातच राहतात. ते मात्र बहुधा लहान चणीचे राहतात.