कार्बोरेटरची ऊब

टाकी उतरवून एअर बॉक्स बाजूला केला की ती हाताला लागते. करंगळीहून बारीक, काळी रबरी नळी. थर्मोस्टॅटजवळून निघते, फ्रेमच्या आतल्या अंगाने वळते, कार्बोरेटरच्या पितळी निपलवर चढते, तिथून शेजारच्या कार्बोरेटरला भेटते आणि परत रेडिएटरच्या पाण्यात जाऊन मिसळते. वाटेत एखादी बारकी जाळी असते, एखादा एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह असतो. तिच्यातून पेट्रोल जात नाही, हवा जात नाही. इंजिनाने तापवलेलं ८०-९० अंशांचं कूलंट कार्बोरेटरच्या अंगाला लावून परत नेणं, एवढंच तिचं काम. गाडी वर्षानुवर्षं चालवणाऱ्यालाही ती ठाऊक नसते, कारण तिचं काम नीट झालं तर काहीच घडत नाही.

जुन्या बुलेट, येझदी, राजदूत यांच्या कुळात ती नाही. ती इंजिनं हवेवर थंड होतात. पाणीच नाही तर गरम पाण्याची नळी कुठून येणार? ही नव्वदच्या दशकातल्या जपानी गाड्यांची, त्यातही ब्रिटन-युरोपच्या वाट्याला गेलेल्यांची. कावासाकीच्या पाचशे सीसीच्या दोन सिलिंडरी गाड्या तिथल्या ओल्या थंडीत हायवेवर चालता चालता दम तोडू लागल्या, तेव्हा त्यांच्या कार्बोरेटरला ही ऊब पुरवावी लागली. परदेशात नोकरी करून परतणाऱ्यांच्या सामानाबरोबर त्या पिढीतल्या काही गाड्या भारतात उतरल्या. जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या आमच्या पोर्चमध्ये उभी आहे ती त्यांतलीच एक.

जबलपूरच्या मिस्त्रीला कार्बोरेटर नवा नाही. १९०४ची गन कॅरिएज फॅक्टरी आणि १९६९ची व्हेईकल फॅक्टरी यांनी या गावाला फिटरांच्या पिढ्या दिल्या. लष्कराची जोंगा इथेच बनली, तिच्या नावातलं पहिलं अक्षरच जबलपूरचं. पेट्रोलवर चालणारं तिचं सहा सिलिंडरी इंजिन उघडून बसवलेले हात गल्लोगल्ली आहेत. तरीही ही नळी पाहिली की मिस्त्री थबकतो. मग हसून म्हणतो, "इते बरफ कहाँ गिरत है, भैया? निकार दो." बर्फ पडत नाही तर बर्फाचा बंदोबस्त कशाला, हा त्याचा हिशोब. आणि इथेच या नळीवर अन्याय होतो. तिचं वैर आकाशातून पडणाऱ्या बर्फाशी कधी नव्हतंच. तिचा बर्फ कार्बोरेटरच्या पोटात तयार होतो.

माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, त्याच कारणाने कार्बोरेटर गारठतो. पेट्रोलची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती भोवतालच्या हवेतून, धातूतून ओढली जाते. एक भाग पेट्रोलला सुमारे पंधरा भाग हवा. एवढ्या मिश्रणातलं सगळं पेट्रोल उडालं तर ते मिश्रण २० अंशांच्या आसपास थंड होऊ शकतं. थ्रॉटल जेमतेम उघडा असताना त्याच्या कडेवरून हवा जोरात निसटते, तिथला दाब उतरतो, तापमान आणखी खाली जातं. बाहेर १० अंश आणि धुकं असेल तर थ्रॉटलच्या पाकळीवर शून्याखाली जाणं अवघड नाही. हवेतली वाफ तिथेच गोठते. आधी स्लो सर्किटच्या बारीक भोकांवर थर चढतो, मग पाकळीच्या कडेवर. एका लयीत चाललेली गाडी मिसिंग करू लागते, वेग उतरतो, सिग्नलला बंद पडते. चालवणारा उतरून प्लग काढतो, पेट्रोल कॉक तपासतो, कार्बोरेटरवर टिचक्या मारतो. तेवढ्यात इंजिनाची धग वर चढते, बर्फाचं पाणी होतं आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते. पुरावा शिल्लक राहत नाही. या दुखण्यावर माणसं महिनोन् महिने प्लग आणि कॉइल बदलून उत्तर शोधतात.

वैमानिकांनी हे दुखणं फार आधी ओळखलं. कार्बोरेटरच्या छोट्या विमानात 'कार्ब हीट'ची वेगळी मूठ असते. ती ओढली की एक्झॉस्टभोवती तापलेली हवा कार्बोरेटरकडे वळते. उतरताना इंजिनाचा जोर कमी करण्याआधी ती ओढायची, हे शिकाऊ वैमानिकाच्या अंगवळणी पाडतात. दमट हवा असेल तर बाहेर २० अंश असतानाही कार्बोरेटर गोठू शकतो, हे त्यांच्या पाठ्यपुस्तकात असतं. आपल्या नळीचं घराणं तेच. फक्त तिने धुराड्याच्या हवेऐवजी इंजिनाचं पाणी वापरलं.

आता जबलपूरचा जानेवारी घ्या. पहाटे पारा ९-१० अंशांवर येतो, नर्मदेकाठी धुकं दाटतं, तिलवाराघाटचा पूल अर्धा दिसतो. अशा वेळी मंडल्याच्या रस्त्याला लागून पन्नास-साठच्या वेगाने, थ्रॉटल किंचित उघडा ठेवून अर्धा तास चाललं, की बर्फाला लागणारी सगळी परिस्थिती जमून येते. ही नळी ब्रिटनमधल्या ओल्या सकाळींसाठी जन्मली खरी, पण वर्षातले काही आठवडे इथली पहाटही तिला ओळखीची वाटावी अशी असते.

मे महिना मात्र तिच्या विरोधात साक्ष देतो. ४२ अंशांत सदर बाजाराच्या गर्दीतून रांगणाऱ्या गाडीच्या कार्बोरेटरला वरून आणखी ९० अंशांचं पाणी पाजण्यात काहीच अर्थ नाही. पेट्रोलमधले हलके घटक ३५-४० अंशांनाच उडू लागतात. फ्लोटच्या वाटीत बुडबुडे येतात, बंद केलेली गाडी दहा मिनिटांनी सुरू होता होत नाही. इंजिन बंद झाल्यावर कार्बोरेटर तापतोच, पण ही नळी त्याला आधीच तापवून ठेवते. ती काढली तर ताकद वाढेल, असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. मिश्रण कार्बोरेटरच्या अंगाला निमिषभर चाटून जातं, त्याने हवा एवढी तापत नाही. काढण्याची खरी कारणं साधी आहेत. उन्हाळ्यात वाटी थोडी थंड राहते, कार्बोरेटर उतरवणं सोपं होतं आणि तीस वर्षांच्या ताठरलेल्या रबरातून कूलंट गळण्याच्या जागा कमी होतात.

कितीतरी गाड्यांत ती आधीच संपलेली असते. कूलंट संपलं की कुणीतरी बोअरचं पाणी ओततं, पाण्यातला चुना बारक्या जाळीत आणि निपलच्या तोंडाशी साचतो. बाहेरून नळी जागेवर, आत थेंब हलत नाही. म्हणून काढायचं की ठेवायचं हे ठरवण्याआधी इंजिन तापल्यावर तिला बोटांनी चाचपावं. रेडिएटरची नळी चटका देते आणि ही कोमटच असेल, तर तुम्ही बरेच हिवाळे तिच्याशिवायच काढलेत.

काढण्याची रीत मला शेजारच्या एका निवृत्त फिटर काकांनी सांगितली. नागपूर आणि जबलपूर एकाच मध्य प्रांतात होते त्या काळी त्यांचं घर इकडे आलं. १९५६ साली प्रांत वेगळे झाले, पण घरात बोली वऱ्हाडीच राहिली. "काढाचं असन तं काढ, बापा. पन तोंडं बुचानं बंद करू नोको. तोंडाले तोंड जोड." जाणकाराचाच सल्ला आहे. निपलवर रबरी टोपी चढवून मोकळं होणारे पुष्कळ असतात. व्हॅक्यूमच्या निपलसाठीची टोपी गरम कूलंटपुढे फुगते, तडकते. आत रेडिएटरच्या झाकणाने धरून ठेवलेला एका बारच्या आसपासचा दाब असतो, टोपी फुटली की उकळतं पाणी थेट मांडीवर. त्यापेक्षा कूलंटच्या चांगल्या नळीचा एक तुकडा घ्यावा, जाणाऱ्या निपलपासून येणाऱ्या निपलपर्यंत पुलासारखा बसवावा, दोन्हीकडे क्लिप आवळाव्यात. कार्बोरेटरकडची निपलं रिकामी राहिली तरी चालतात, पण धूळ जाऊ नये म्हणून झाकावीत. हे सगळं थंड इंजिनावर. मग कूलंट भरून, झाकण उघडं ठेवून इंजिन चालवावं आणि बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी. अडकलेली हवा हेडशी राहिली तर जबलपूरच्या उन्हात तिची किंमत हेड गॅस्केटने मोजावी लागते.

अलीकडे या नळीच्या बाजूने एक नवा मुद्दा उभा राहिला आहे. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं. इथेनॉलची वाफ व्हायला किलोमागे पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, म्हणजे तोच कार्बोरेटर आता पहाटे पूर्वीपेक्षा जास्त गारठतो. ज्या काळात तिची ऊब अनावश्यक ठरवून ती काढली जाते आहे, त्याच काळात इंधन तिच्या कामाचं झालं आहे. नवी इंजेक्शनची गाडी घेणाऱ्याला याचं काहीच वाटणार नाही. जुनी गाडी जपणाऱ्याला वाटायला हवं.

हायकोर्ट, स्टेशन, सदर एवढंच जिचं जग आहे, त्या गाडीची नळी खुशाल काढावी. आमची गाडी जानेवारीत मंडल्याला जाते. म्हणून मी ती ठेवली, जाळीतला चुना सिरक्याने विरघळवून घेतला आणि जाणाऱ्या नळीत गरम पाण्याला टिकेल असा पितळी कॉक बसवून घेतला, प्लास्टिकचा पेट्रोल कॉक मुद्दाम नाकारून. टाकी न उतरवता उजव्या बाजूने दोन बोटं आत गेली की तो फिरतो. दिवाळीनंतर उघडायचा, होळीला बंद करायचा.