खडकाच्या चुंबकत्वाचा नकाशा

स्टीलच्या चिमट्याला इथं मज्जाव आहे. खडकाचा काप प्लास्टिकच्या चिमट्यानंच उचलायचा, कारण चुंबकत्व धरलेल्या पोलादाचा नुसता स्पर्शही नमुना बिघडवू शकतो. मला प्रयोग दाखवणारी संशोधक हे काम श्वास रोखून करत होती. काचपट्टीवर चिकटवलेला बेसॉल्टचा तो काप जेमतेम ३० मायक्रोमीटर जाडीचा, प्रकाश आरपार जाईल इतका पातळ. मोबाइल आणि किल्ल्या दाराबाहेरच राहिल्या होत्या.

काप चुंबकत्व टिपणाऱ्या स्क्विड सूक्ष्मदर्शकाखाली गेला. निओबियम धातूचं इवलंसं अतिसंवाहक वेटोळं हा या यंत्राचा प्राण. ९.२ केल्विनच्या खाली निओबियमचा विद्युतरोध नाहीसा होतो. म्हणून द्रवरूप हेलियमनं ते उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवतात. खरी कसरत पुढेच आहे. बारकावे टिपायचे तर वेटोळं खडकाच्या अगदी जवळ हवं, आणि खडक तर खोलीच्या तापमानाला. दोहोंमध्ये निर्वात पोकळी आणि नीलमण्याची केसाहून पातळ खिडकी असते. त्यामुळे अंतर मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत आणता येतं.

काप पुढेमागे सरकू लागला आणि पडद्यावर ओळीमागून ओळ उमटत गेली. लाल ठिपके, निळे ठिपके. एरवी आख्खा तुकडा मोजला, की सगळ्या कणांची गोळाबेरीज तेवढी हाती येते. हा नकाशा कापाच्या छायाचित्रावर ठेवल्यावर मात्र कडेचा गंजलेला भाग वेगळा दिसला, आतले मॅग्नेटाइटचे कण वेगळे. चुंबकत्वाची जुनी नोंद कोणती आणि नंतरची कोणती, हे ठरवताना जागा कळणं किती मोलाचं आहे, ते मला तिथं उमगलं.

याचा बोलका दाखला म्हणजे एएलएच ८४००१ हा मंगळावरचा दगड. १९८४ मध्ये तो अंटार्क्टिकातल्या ॲलन हिल्स भागात सापडला. २००० साली बेंजामिन वाइस, जोसेफ कर्शविंक, जॉन विक्सवो आणि सहकाऱ्यांनी त्याच्या कापांचे असे नकाशे प्रसिद्ध केले. वातावरणातून येताना वितळलेल्या सालीत पृथ्वीचं चुंबकत्व बसलं होतं. आत मात्र जागोजाग दिशा बदलणारी जुनी नोंद शाबूत होती. काप अवघ्या ४० अंशांपर्यंत तापवला, तर त्या नोंदीचा काही भाग पुसला गेला. म्हणजेच मंगळावरून उडाल्यापासून दगडाचा गाभा कधी एवढाही तापला नव्हता. विदर्भातली मे महिन्याची दुपार याहून गरम असते!

मंगळावर जीवसृष्टी होती, असं यातून ठरत नाही. पण दगडांसोबत सूक्ष्मजीव एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर पोहोचू शकतील का, या प्रश्नातला उष्णतेचा अडसर निदान अशा दगडांपुरता दूर झाला.