अबोलीची फाती

मे महिन्यात हैदराबादला नणंदेकडे गेले होते. तिचं घर जामबागेत, १९०७ साली मराठी माणसांनी काढलेल्या विवेक वर्धिनीजवळ. घाऊक फुलबाजार गुडीमलकापूरला गेला तरी तिथं फुलवाले आहेतच. अबोली दिसली (तिकडे कनकांबरम) आणि मी हरखले. फाती घेतली, माळली, तर पिनेसकट घसरून खांद्यावर. दोनदा.

"वहिनी, केस कुठं गेले गं तुझे?"

मुठीत न मावणारी वेणी करंगळीएवढी झालीय, केस काथ्यासारखे. वर्षभर मी शांपूला दोष देत होते. पाळी लांबू लागली तेव्हाच डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, इस्ट्रोजेन उतरलं की केसांच्या वाढीचा काळ आखडतो, नवा केस बारीक येतो. तरी थायरॉइड आणि लोह तपासून घ्या. चिठ्ठी तीन महिने पर्समध्ये. ऑफिसात दुसऱ्यांना रिमाइंडर पाठवणारी मी!

नणंदेनं कपाटातून गंगावन काढलं. "चार वर्षं लावतेय मी. कळलं होतं तुला?"

नव्हतं कळलं. दर दिवाळीला भेटतो आम्ही.

गंगावनावर फाती रात्रीपर्यंत टिकली. गोव्यात परतल्यावर रक्त तपासलं, लोह कमी निघालं. गोळ्या चालू आहेत.